गुलाबाच्या पाकळ्या आणि बोंडं घरी गोळा करणं, साठवणं, वापरणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गुलाबाचं झाड दारात असलं की पाकळ्यांचं काहीतरी करून बघावंसं प्रत्येकालाच वाटतं. बोंडांकडे मात्र फारसं कुणी बघत नाही. सुकलेल्या फुलाच्या मागे राहिलेला तो हिरवा गोळा कात्रीने उडवायचा, हीच सवय. खालचे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले गेले आहेत. त्यातले निम्मे मीही कधीतरी दुसऱ्यांना विचारले होते.

गुलाबाचं बोंड म्हणजे नेमकं काय? ते फळच ना?

खाण्यापुरतं म्हणाल तर हो. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने मात्र नाही. फुलाच्या तळाशी जो पेल्यासारखा हिरवा भाग असतो, तो परागण झाल्यावर फुगतो, गरदार होतो आणि पुढे केशरी किंवा लाल होतो. तेच बोंड. बाजारात ‘रोझ हिप’ नावाने मिळतं ते हेच. खरी फळं म्हणजे त्याच्या आतले कडक, फिकट दाणे, ज्यांना आपण बिया म्हणतो. गुलाब आणि सफरचंद एकाच कुळातले, त्यामुळे दोघांची रचनाही सारखी. बोंडाच्या टोकाला सुकलेल्या पाच निदलांचा, म्हणजे कळीला झाकणाऱ्या हिरव्या दलांचा, छोटा तुरा असतो, तसाच तुरा सफरचंदाच्या खालच्या खळग्यातही दिसेल.

माझ्या झाडाला भरपूर फुलं येतात, पण बोंडं धरत नाहीत. काय चुकतंय?

बहुतेक वेळा चुकत काहीच नाही, जात तशी असते. गच्च पाकळ्यांच्या टपोऱ्या संकरित गुलाबांमधल्या जास्तीच्या पाकळ्या या बऱ्याच अंशी पुंकेसरांच्याच झालेल्या असतात. त्यामुळे परागकण कमी, आणि मधमाशीला त्या गर्दीतून आत शिरायला वाटही नसते. काही संकरित जाती तर मुळातच वांझ असतात. त्याउलट पाच पाकळ्यांचे साधे, मधोमध पिवळा गोंडा उघडा दिसणारे गुलाब भराभर बोंडं धरतात. रोझा कॅनिना आणि रोझा रुगोसा ही त्यातली गाजलेली नावं. रुगोसाची बोंडं छोट्या टोमॅटोएवढी आणि तशीच चपटी होतात.

दुसरं कारण आपली कात्री. फूल सुकलं की लगेच छाटलं तर बोंड येणार कुठून?

एक गंमत सांगते. कलमी गुलाबाच्या बुडातून कधीकधी वेगळ्याच पानांची, लांबलचक फांदी निघते आणि तिला छोट्या पांढऱ्या फुलांचे घोस लागतात. ती कलमाखालच्या खुंटाची फांदी. रोझा मल्टिफ्लोरा पुष्कळदा खुंट म्हणून वापरतात आणि त्याला वाटाण्याएवढी लाल बोंडं येतात. ही फांदी वेळीच काढली नाही, तर खुंट वरच्या कलमाला मारतो, म्हणून माळी ती काढायलाच सांगतात आणि ते बरोबरच आहे. पण झाड ओळखायला शिकायचं असेल तर एखादा हंगाम ती ठेवून बघायला हरकत नाही.

पाकळ्या तोडल्या तर बोंडं गेली, असंच ना? दोन्हींपैकी एकच मिळणार?

नाही, आणि या पानावरची सगळ्यात कामाची गोष्ट हीच आहे. फूल देठापासून तोडू नका, फक्त पाकळ्या उतरवून घ्या. बोंड पाकळ्यांच्या खाली तयार होतं, पाकळ्यांशी त्याला पुढे देणंघेणं नसतं. पूर्ण उमललेल्या फुलाच्या पाकळ्या तीन बोटांच्या चिमटीत एकत्र धरायच्या आणि हलकेच वर ओढायच्या. फूल तयार असेल तर त्या हातात येतात आणि फांदीवर पिवळ्या केसरांचा गोंडा तसाच उभा राहतो. जोर लावावा लागला तर सोडून द्या, अजून वेळ आहे.

फक्त मधमाश्यांना त्यांचं काम करायला वेळ द्यायला हवा. रंग आणि वासाला भुलून त्या येतात, त्यामुळे उमलल्या उमलल्या पाकळ्या उतरवल्या तर परागण हुकू शकतं. आणि सुगंध तर सगळ्यात जास्त असतो नुकत्याच उमललेल्या फुलाला. म्हणजे इथे थोडी ओढाताण आहेच. मी झाडं वाटून घेतली आहेत: दाट पाकळ्यांच्या, वासाच्या झाडांची फुलं पहिल्याच सकाळी, आणि साध्या पाकळ्यांच्या झाडांच्या पाकळ्या दुसऱ्या दिवशी, गोंडा राखून.

बोंडं राखली की त्या फांदीवर नवी फुलं कमी येतात, हेही खरं. झाडाचं लक्ष बियांकडे वळतं. म्हणून सुरुवातीच्या बहराची सुकली फुलं छाटावीत आणि शेवटच्या बहराची ठेवावीत.

सगळ्याच गुलाबांच्या पाकळ्या खाता येतात का?

खऱ्या गुलाबाच्या, म्हणजे रोझा या वंशातल्या कुठल्याही जातीच्या पाकळ्या आणि बोंडं विषारी नाहीत. चवीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक. वास नसलेल्या पाकळीला चवही नसते, नुसता पाला चावल्यासारखं वाटतं. रोझा डॅमासेना आणि रोझा सेंटिफोलिया या जाती सुगंधासाठीच जोपासल्या गेल्या. झाडाचं नाव माहीत नसेल तर एक पाकळी चावून बघायची. जिभेवर वास रेंगाळला तर ते झाड आपलं.

सावध राहायचं ते ‘गुलाब’ म्हणवणाऱ्या इतर झाडांपासून. वाळवंटी गुलाब म्हणून विकलं जाणारं अडेनियम हे कण्हेरीच्या कुळातलं आहे आणि कण्हेरीसारखंच विषारी आहे. त्याचा गुलाबाशी काहीही संबंध नाही. ओळख साधी: गुलाबाला काटे असतात, पान पाच-सात दातेरी पर्णिकांचं, म्हणजे छोट्या पानांचं, असतं आणि पानाच्या देठाच्या बुडाशी दोन्ही बाजूंना चिकटलेले छोटे हिरवे पंख असतात.

फुलवाल्याकडच्या गुच्छातल्या पाकळ्या चालतील?

नाही. ती फुलं दिसण्यासाठी पिकवलेली असतात, खाण्यासाठी नाही. त्यांच्यावर काय काय फवारलंय याचा हिशेब कुणी ठेवत नाही, आणि धुतल्याने ते सगळं जात नाही.

झाडावर औषध मारलं होतं. किती दिवस थांबायचं?

औषधावर अवलंबून. किडीच्या अंगाला लागून तिला मारणारी औषधं काही दिवसांत उतरतात, पण आंतरप्रवाही कीटकनाशकं, उदाहरणार्थ इमिडाक्लोप्रिड, झाडाच्या रसात शिरतात आणि आठवडे-महिने पाकळ्यांत, परागांत राहतात. ‘खाण्याच्या पिकांसाठी नाही’ असं डब्यावर लिहिलं असेल तर तो हंगाम सोडून द्या. नर्सरीतून नवीन आणलेल्या झाडाचीही पहिली फुलं नुसती बघावीत. खायला घ्यायची ती तुमच्या हाताखाली वाढलेली.

भर रस्त्याच्या कडेची आणि कुत्र्यांच्या उंचीवरची फुलंही नकोत. कारण सांगायला नको.

पाकळ्या तोडायला कोणती वेळ चांगली?

सकाळी, दव उडालं की लगेच आणि ऊन तापायच्या आत. सुगंधाची द्रव्यं उडून जाणारी असतात, दुपारपर्यंत बराच वास हवेत गेलेला असतो. पावसानंतर दोन दिवस थांबा. ओली पाकळी वाळायच्या आधी कुजते.

किडे असतात. धुवायच्या का?

धुतल्याने वास जातोच थोडा, म्हणून मी आधी पांढऱ्या कापडावर पसरून पंधरा-वीस मिनिटं सावलीत ठेवते. पांढऱ्यावर बारीक फुलकिडे लगेच दिसतात आणि बरेचसे आपणहून चालते होतात. एवढ्यावर भागलं नाही तर गार पाण्यात एकदाच बुडवून काढायच्या आणि कापडावर एकेरी थरात कोरड्या करायच्या. नळाखाली धरायच्या नाहीत, पाकळीला जखमा होतात आणि तिथे ती काळी पडते.

पाकळीच्या बुडाशी जो पांढरट कोपरा असतो तो काही जातींत कडू लागतो. आधी चावून बघा, कडू असेल तरच कात्रीने उडवा. सगळ्या गुलाबांना ही उठाठेव लागत नाही.

वाळवताना रंग काळपट होतो. कशामुळे?

गडद लाल पाकळ्या वाळल्या की जांभळट-काळ्या दिसणारच, पाणी गेलं आणि रंग दाट झाला एवढंच. गुलाबी त्यामानाने रंग टिकवतात. तपकिरी पडल्या तर मात्र वाळवण हळू झालंय किंवा थर जाड होता. सावलीत, हवा खेळती असेल तिथे, चाळणीवर किंवा ताणलेल्या जाळीवर एकेरी थर घालायचा. उन्हात घातल्या तर रंग विटतो आणि वासही जातो. कोरड्या हवेत तीन-चार दिवस पुरतात. दमट हवेत तेवढ्यात होत नाहीत, तेव्हा ४० अंश सेल्सिअसच्या आसपास डीहायड्रेटर लावा. मुठीत चुरल्यावर कुरकुर आवाज आला की झालं. १०० ग्रॅम ताज्या पाकळ्यांच्या जेमतेम १५ ते २० ग्रॅम उरतात, तेव्हा बरणी लहानच काढा आणि अंधारात ठेवा.

पाकळ्या गरम पाण्यात घातल्या तर पाणी मळकट झालं. बिघडल्या का?

नाही. यात थोडं लिंबू पिळा आणि बघत राहा. गरम पाणी ओतल्यावर पाकळ्या दोन-तीन मिनिटांत आपला रंग सोडतात. त्या स्वतः भिजलेल्या कागदासारख्या फिक्या होतात, आणि पाणी धड गुलाबी नाही, धड तपकिरी नाही असं काहीतरी होतं. लिंबाचा पहिला थेंब पडतो तिथून गुलाबी रंगाची वलयं निघतात आणि ढवळलं की अख्खा पेला झगझगीत गुलाबी. पाकळ्यांतला अँथोसायनिन हा रंग आंबट पाण्यात लाल होतो आणि खाण्याच्या सोड्याने निळसर-हिरवा. म्हणूनच पाकळ्यांच्या सरबतात लिंबू शेवटी घालायचं असतं. चवीपेक्षा ते रंगाचंच काम जास्त करतं.

गुलकंद करताना साखर किती?

वजनाने पाकळ्यांच्या दुप्पट घेतली तर निश्चिंत. समसमान घेणारे बरेच आहेत आणि त्यांचा गुलकंद वासाला सरस होतो, पण तो जपावा लागतो. पाकळ्या कोरड्या हव्यात, हात कोरडा हवा, बरणी तर उन्हात तापवून कोरडी केलेली हवी. पाकळ्या साखरेत हाताने चुरडायच्या, चांगला जोर लावून, म्हणजे रस लगेच सुटतो. बरणी तीन चतुर्थांश भरायची आणि झाकण लावून रोज उन्हात ठेवायची, एक दिवसाआड कोरड्या चमच्याने हलवायची. तीन ते चार आठवड्यांत पाकळ्यांचा कच्चा तुरटपणा जाऊन त्या मऊ, गडद आणि चिकट होतात.

माझ्या गुलकंदाला वर फेस आला. काढून टाकला तर चालेल?

फेस, आंबूस वास, बुडबुडे: आंबायला लागलाय. टाकून द्या. बुरशी दिसली तरी तेच, वरचा थर काढून खालचा वाचत नाही. साखर टिकवते ती पाणी धरून ठेवते म्हणून, पाणी तिला पेलवेनासं झालं की टिकवणं संपलं. माझी एक अख्खी बरणी अशीच गेली. पाकळ्या वरून कोरड्या दिसत होत्या, पण दुमडलेल्या पाकळ्यांच्या आत दवाचे थेंब अडकले होते. आठव्या दिवशी झाकण उघडलं तर बीअरसारखा वास.

पाकळ्या पाण्यात उकळल्या की गुलाबपाणी झालं ना?

तो पाकळ्यांचा काढा झाला. वाईट नाही, पण रंगीत असतो, आठवडाभरात फ्रिजमध्येही खराब होतो, आणि उघड्यावर उकळल्याने अर्धा वास स्वयंपाकघरात फिरत राहतो. खरं गुलाबपाणी रंगहीन असतं, कारण ते वाफ धरून केलेलं असतं.

घरी ते जमतं. मोठ्या पातेल्यात मधोमध उंच तिवई, तिच्यावर स्टीलची रिकामी वाटी. तिवईभोवती पाकळ्या आणि त्या जेमतेम बुडतील एवढं पाणी. झाकण उलटं ठेवायचं, म्हणजे त्याचा फुगीर भाग वाटीवर येतो, आणि झाकणात बर्फ. मंद आच. वाफ गार झाकणाला लागून थेंब होते आणि मधोमध वाटीत टपकते. बर्फ वितळला की पाणी काढून पुन्हा बर्फ. अर्धा-पाऊण तासाने वाटीतलं पाणी हुंगून बघा. वास पातळ व्हायला लागला की आच बंद, लोभ धरून चालवत राहिलं तर शेवटचं पाणी शिजलेल्या भाजीसारखं वासतं आणि आधीचंही बिघडवतं. एक लिटर पाणी घेतलं असेल तर पेलाभर मिळालं तरी पुष्कळ. उकळून घेतलेल्या काचेच्या बाटलीत, फ्रिजमध्ये, महिन्याभरात संपवा.

हे घरचं गुलाबपाणी डोळ्यांत घालता येईल?

नको. ते कितीही स्वच्छ केलं तरी निर्जंतुक नसतं आणि डोळा ही प्रयोगाची जागा नाही. चेहऱ्यावर, केसांवर, गोड पदार्थात खुशाल वापरा.

आणि अत्तर?

एक किलो गुलाबतेलाला साधारण ३ ते ५ हजार किलो पाकळ्या लागतात. तुमच्याकडे किती कुंड्या आहेत? एवढं खरं, की गुलाबाच्या वासातलं फेनिलइथाइल अल्कोहोल हे द्रव्य पाण्यात चांगलं विरघळतं. म्हणून घरी तेलाचा थेंबही सुटला नाही, तरी गुलाबपाण्याला वास येतोच.

बोंडं तोडायची वेळ कशी ओळखायची?

फूल गळल्यापासून साडेतीन-चार महिने धरा. आधी हिरवं, मग पिवळट, केशरी, शेवटी लाल, आणि काही जातींत जवळजवळ काळं. अंगठ्याने दाबलं तर किंचित दबलं पाहिजे, पिकायला लागलेल्या टोमॅटोइतकं. कडक असेल तर चव तुरट, आणि पार लिबलिबीत झालं असेल तर आतून बिघडायला लागलेलं असतं. थंड प्रदेशात पहिलं दहिवर पडल्यावर तोडतात, कारण गारठ्याने ती मऊ आणि गोड लागतात. दहिवर पडत नसेल तिथे रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवलं तरी मऊपणा येतो.

हातमोजे घाला, काटे इथेही आहेत. रानातल्या झुडपाची सगळी ओरबाडू नका, पक्ष्यांचं खाणं आहे ते. ज्यावर काळे डाग, भोकं किंवा बुरशी दिसते ती घेऊच नका.

बोंडाच्या आत केस असतात असं ऐकलं. खरंच त्रास होतो?

होतो. बोंड कापलं की बियांभोवती बारीक, सोनेरी, रेशमी केस दिसतात. दिसायला मऊ, पण प्रत्येक केस टोकदार, कुसळासारखा. हे घशाला, आतड्याला आणि कातडीला खाजवतात. खोडकर पोरं खाजखुजली म्हणून एकमेकांच्या सदऱ्यात हेच टाकत आली आहेत. मी पहिल्यांदा दोन वाट्या बोंडं मोजे न घालता साफ केली आणि मधेच कपाळावरची बट मागे सारली. संध्याकाळपर्यंत मान आणि कपाळ खाजवत होते, आणि दिसत मात्र काहीच नव्हतं.

साफ करायची तर बोंड थोडं कडक असतानाच, उभं चिरून, चहाच्या लहान चमच्याच्या दांड्याने आतलं सगळं एका झटक्यात उपसायचं, मग गार पाण्यात दोनदा खळबळायचं. पिकून मऊ झालेलं बोंड साफ करायला गेलात तर गर आणि केस यांचा लगदा होतो. आणि खरं सांगायचं तर सरबतासाठी ही साफसफाई करूच नका. अख्खी बोंडं वापरा आणि सगळी मेहनत गाळण्यावर खर्च करा.

बोंडांचं सरबत कसं करायचं?

ही कृती मुळात युद्धकाळातली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये बाहेरून येणारी संत्री बंद झाली, तेव्हा १९४१पासून तिथे लोकांना, शाळकरी मुलांना कुंपणांवरची रानगुलाबाची बोंडं गोळा करायला लावलं गेलं. लहान मुलांना क जीवनसत्त्व मिळावं म्हणून त्यांचं सरबत करून वाटलं, आणि घरी करायची कृती सरकारी अन्न खात्याने छापली. अर्ध्या मापात ती अशी:

८५० मिलिलिटर पाणी खळखळून उकळायचं. ४५० ग्रॅम बोंडं देठ आणि तुरे काढून धुवायची, जाडसर वाटायची आणि वाटली की लगेच त्या उकळत्या पाण्यात टाकायची. एक उकळी आली की आच बंद, पंधरा मिनिटं झाकून ठेवायचं. मग दुहेरी मलमलीतून गाळायचं, पिळायचं नाही, आपोआप गळू द्यायचं. पिळलं की केस कापडातून बाहेर येतात. कापडातला चोथा पुन्हा ४२५ मिलिलिटर उकळत्या पाण्यात, दहा मिनिटं, आणि पुन्हा गाळणं. दोन्ही पाणी एकत्र करून धुतलेल्या कापडातून आणखी एकदा गाळायचं. एवढ्यावर केस गेले का? पांढऱ्या बशीत चमचाभर घेऊन उजेडाकडे तिरकी धरा, तरंगणारी बारीक रेघ दिसली की आणखी एक गाळणं. आता हे पाणी ४२५ मिलिलिटरपर्यंत आटवायचं, २८० ग्रॅम साखर घालायची, पाच मिनिटं उकळायचं आणि उकळलेल्या लहान बाटल्यांत गरम भरायचं.

बाटल्या लहानच हव्यात, कारण यात साखर चाळीस टक्क्यांच्या आसपासच पडते आणि तेवढी टिकवायला पुरत नाही. उघडलेली बाटली फ्रिजमध्ये आठवडा-दोन आठवडे. उरलेलं बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. चव कशी? पेरू आणि वाळलेली जर्दाळू यांच्या मधली, थोडी आंबट.

एवढं उकळल्यावर क जीवनसत्त्व उरतं का?

काही जातं, पण मुळातच इतकं असतं की उरलेलंही पुष्कळ होतं. १०० ग्रॅम ताज्या रानटी बोंडांत ४०० मिलिग्रॅमच्या वर क जीवनसत्त्व असू शकतं, संत्र्यात तेवढ्याच वजनात ५०च्या आसपास असतं. जातीप्रमाणे हा आकडा खूप बदलतो. नुकसान उष्णतेने होतं त्याहून जास्त वाटून ठेवल्याने होतं. बोंड फुटलं की त्यातलं एक विकर (एन्झाइम) हवेच्या मदतीने जीवनसत्त्वाचा नाश करायला लागतं आणि उकळत्या पाण्यात ते विकरच मरतं. वाटल्याबरोबर पाण्यात टाका असं कृतीत बजावलंय ते यासाठी. तांब्याचं आणि लोखंडाचं भांडं घेऊ नका, दोन्ही धातू हा नाश वाढवतात. स्टील, काच किंवा मुलामा दिलेलं भांडं.

वाळलेल्या बोंडांचा चहा लालभडक का होत नाही?

कारण तो तसा नसतोच. पाकिटातल्या ‘रोझ हिप’ चहात बहुतेक वेळा लाल अंबाडीची बोंडं मिसळलेली असतात, लाली त्यांची. नुसत्या गुलाबबोंडांचा चहा फिकट सोनेरी-केशरी होतो. साफ केलेल्या बोंडांचे तुकडे वाळवून ठेवा, कपाला एक मोठा चमचा, उकळतं पाणी, झाकून दहा-पंधरा मिनिटं. घाईचा चहा नाही हा. गाळायला कापड किंवा कागदी गाळणी, साध्या गाळणीतून केस निसटतात.

पाकळ्या तेलात किंवा मधात मुरवल्या तर?

तेलात फक्त पूर्ण वाळलेल्या पाकळ्या. ताज्या पाकळीतलं पाणी तेलाखाली, हवेविना अडकलं की घातक जंतूंना आयती जागा मिळते. मध त्यापेक्षा सोपा, पण पाकळ्या तिथेही वाळलेल्या घ्या, आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध कुठल्याच रूपात द्यायचा नाही.

बोंडांचं तेल म्हणून जे महाग विकलं जातं ते बिया दाबून काढलेलं असतं. वाळलेली बोंडं गोडेतेलात मुरवून ते होत नाही. जे होतं ते हाताला चोळायला ठीक आहे, पण त्याला दुसरंच नाव द्या.

गुडघेदुखीवर बोंडांची पूड घेतात म्हणे?

संधिवातात, म्हणजे झीज होऊन होणाऱ्या सांधेदुखीत, बोंडांच्या पुडीवर काही चाचण्या झाल्या आहेत आणि काहींमध्ये दुखणं थोडं कमी झाल्याचं दिसलं. तिथे पूड ठरलेल्या मापाची, केस काढलेली होती. घरच्या पुडीने तसंच होईल असं धरून चालू असलेलं औषध बंद करू नका. मुतखडा झालेल्यांनी, शरीरात लोह साठण्याचा आजार असणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी आधी डॉक्टरांना विचारावं. अधूनमधून कपभर चहा ही वेगळी गोष्ट, रोज चमचे मोजून पूड घेणं वेगळं.

उरलेल्या बिया पेरल्या तर तसाच गुलाब येईल?

बागेतल्या संकरित गुलाबाच्या बीपासून आईसारखं झाड येत नाही, काय येईल ते फूल उघडल्यावरच कळतं. बिया धुऊन ओलसर टिश्यू पेपरात गुंडाळा, पिशवीत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात आठ ते बारा आठवडे ठेवा आणि पिशवीवर तारीख लिहा. हिवाळा सरला असं वाटल्याशिवाय त्या उगवायचं मनावर घेत नाहीत. त्यानंतरही दहातल्या दोन-तीन उगवल्या तर खूश व्हा. मी पेरलेल्या अकरा बियांमधून एकच रोप जगलं. त्याला पाच पाकळ्यांची, फिकट गुलाबी, अजिबात वास नसलेली फुलं येतात आणि यंदा त्यावर सात बोंडं आहेत, अजून हिरवी.